ओठ हलले तेवढा वेळ

सभेचे अध्यक्ष आदरणीय बद्रीनाथराव, व्यासपीठावरील मान्यवर, आज शाळेतून निवृत्त होणारे आपले क्रीडाशिक्षक दाभाडे सर, आणि जमलेल्या बंधू-भगिनींनो,

मी द्वारकाबाई. जुनी मॅट्रिक, घर सांभाळणारी. बोलायची सवय नाही, म्हणून लिहून आणलं आहे. सरांचं कौतुक आधीच्या वक्त्यांनी केलं. माझ्याकडे फक्त एक चूक आहे, तेरा वर्षं दडवलेली.

माझी आवडा सरांच्या हाताखाली शंभर मीटर पळायची. सर चुन्याच्या फक्कीनं दहा, वीस, तीस मीटरच्या खुणा करत. रुमाल खाली आला की घड्याळ सुरू, पोरगी खुणेवर आली की बंद. तिन्ही आकडे रोज वहीत. म्हणायचे, “बाई, जोरात पळणाऱ्या लई हायेत. सुटल्यावर वेग किती लवकर धरती, ते बघायचं.”

एकोणऐंशी साली सर नामांतराच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. जाताना घड्याळ आणि वही माझ्याकडे दिली. “तुमचा हिशोब चुकत नाय.” मग आवडाची मैत्रीण रुमाल खाली करी, मी घड्याळ धरी. आकडे पहिल्याच दिवशी उतरले, ते उतरलेलेच राहिले. निवडचाचणीच्या आदल्या दिवशी सर सुटले. वही पाहून म्हणाले, “तीन दशांश सेकंद कमी? ही तर राज्यात येती.” चाचणीच्याच दिवशी चिकलठाण्याच्या कारखान्यात मुलींची भरती होती. ती आम्ही सोडली.

चाचणीत आवडा सातवी आली. ऐन वेळी भ्याले, म्हणाली. पुन्हा कधी पळाली नाही. आणि गल्लीत लोक काय म्हणाले, ते इथल्या काहींना आठवत असेल. “मास्तर मोर्चात हिंडले अन् पोरीचं वाटोळं केलं.”

आठवड्यानं सर दुसरं घड्याळ घेऊन आले. दुसऱ्या एका मुलीला पळवलं. तिसाच्या खुणेला माझ्या घड्याळात चार पूर्णांक पाच सेकंद, त्यांच्या घड्याळात चार पूर्णांक आठ. पुढच्या खेपेला त्यांनी मुलीकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं.

“बाई, बटण दाबायच्या आधी ओठ का हलत्यात?”

मग मी सांगितलं. चूल पेटवताना, दिवा लावताना मी आधी ‘देवा’ म्हणते. रुमाल पडला की आधी देवा, मग बटण. तेवढ्यात पोरीचं पहिलं पाऊल पडून जाई. थांबवताना मात्र घाईत नाव घ्यायचं राहून जाई. वहीत दहाला तीन, वीसला तीन, तिसालाही तीनच दशांश कमी होते. सगळीकडे नेमकं तेवढंच? वेग खरंच वाढला असता, तर अंतराबरोबर फरकही वाढला असता. घरखर्चाला पैशाला पैसा जुळवणाऱ्या मला ते दिसलं नाही.

सर म्हणाले, “आवडाला सांगू नका. मास्तर दुसरा मिळंल, आई नाय मिळायची.” लोकांचे बोल त्यांनी अंगावर घेतले. मी घेऊ दिले.

मागच्या सोमवारी वेरूळला घृष्णेश्वराला गेले. तिथंच आवडाचं सासर. सांगितलं. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.

“म्हंजी त्या दिशी मी भ्याले नव्हते? रोज पळायची तशीच पळाले?”

“व्हय.”

“मग पळायचं सोडलं कशापायी, माय?”

आज तिला यायला सांगितलं होतं. दाराजवळची ती रिकामी खुर्ची तिच्यासाठी ठेवली आहे.

सर, तुमच्यावरचा बोल खोटा होता, हे मी सभेपुढं सांगितलं. उशीर झाला. तुम्ही क्षमा कराल, मला ठाऊक आहे. म्हणूनच मागत नाही.

सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही अधिक-उणं गेलं असेल, ते पोटात घाला. देवाचं नाव घेऊन संपवायची आपली रीत आहे. आज तेवढं माझ्याच्यानं होत नाही.