गावानं दिलेलं मत

पंखा बंद पडला म्हणून कुरकुरताय, तर आमच्या देवगाव रंगारीचं ऐका. नव्या वीजलाईनीची गरज आहे का, हे गावाला विचारायला साहेब आले होते. लाईट सकाळपासनं गेलेली. सगळं गाव मंदिरात बसलेलं. साहेब म्हणाले, “एकेकानं उठून मत सांगा.”

आमचे काका उठले, घसा खाकरला, अन् डोक्यावरचा पंखा फिरला.

“आली!” सगळं गाव एकदम ओरडलं, अन् विहिरीवरच्या मोटारी चालू करायला पळालं.

रिकाम्या सतरंजीकडं बघत साहेब म्हणाले, “अहो, मत?”

काका चपला शोधत म्हणाले, “दिलं की सगळ्यांनी, आत्ताच!”

लाईन झाली. आता तिकडं लाईट लई कमी जाते. पण सगळं गाव एका आवाजात ओरडलेलं पुन्हा काय ऐकलं नाय.