रांगेतली सात पानं

बंद करून चालू करा म्हणे! अहो, एवढंच सांगायला तुम्हाला जिना चढायला लावलाय का मी? आठवडाभर तेच करतोय. तुमच्या आधी एक जण येऊन गेला, त्यानेही हेच केलं, आणि वर म्हणतो, काका, प्रिंटर जुना झालाय. प्रिंटर ठणठणीत आहे! खाली दादाच्या खोलीत आहे — दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, तो खाली राहतो, मी वर — त्याच्या कॉम्प्युटरला वायरने जोडलाय आणि तिथून सगळ्या घराला खुला केलाय, शेअर की काय म्हणता ते. मी इथून पान सोडायचं, ते तिथे त्याच्या पलंगाच्या उशाशी बाहेर पडायचं. दोन वर्षं बिनतक्रार पडत होतं. आता एकच पालुपद — ऑफलाइन! प्रिंटर चालू, दादाचा कॉम्प्युटर चालू, त्याची घरघर मला इथे फरशीतून ऐकू येते, मग ऑफलाइन आहे कोण? मी?

हसायला काय झालं? कळतंय मला, पान माझं आणि पडणार त्याच्याकडे, मग मला काय उपयोग, असंच ना? उपयोग आहे. मी त्याला लिहितो. टाकी भरली, मोटर बंद कर. जिन्यातला बल्ब गेलाय, शिडी दाराबाहेर ठेव. पान पडतं, मोटर बंद होते, शिडी बाहेर येते, झालं की काम! बोलायची गरजच काय? आणि बोलत नाही तो, मी नाही. हे नीट लक्षात ठेवा. वर तर दोन वर्षांत पाऊल टाकलेलं नाही — गुडघ्याचं निमित्त. बाजारात जायला बरा चालतो गुडघा.

का म्हणजे? तुम्हाला प्रिंटर बघायला बोलावलंय ना? — अहो, काही नाही हो, एवढीशी गोष्ट. बत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली मी. भल्याभल्यांचं शुद्धलेखन या हाताखालून गेलंय. तर वहिनी गेली तेव्हा दादाने तिच्यावर एक पान लिहिलं. जन्मभर कधी चार ओळी लिहिल्या नाहीत, वायरमन माणूस, आणि ते पान आणून माझ्या हातात दिलं, म्हणाला, बघ रे जरा. आता छापखान्यातल्या माणसाला ‘बघ’ म्हटल्यावर तो काय करणार? बघणार! सतरा चुका. पहिल्याच ओळीत ‘पत्नी’ ऱ्हस्व. लाल पेनाने सगळ्या काढल्या, समासात खुणा केल्या, संध्याकाळी परत दिलं. त्याने पान पाहिलं, घडी घातली, खिशात ठेवलं. तेव्हापासून तोंडाला कुलूप. माझं काय चुकलं, सांगा. नको, सांगू नका. तुमच्या कार्डावर ‘दुरूस्ती’ छापलंय, त्यातला ‘रू’ आधी ऱ्हस्व करा, मग मला सांगा.

काय? वायफाय कुठलं? पुतणीने दिलं ते. दादाची मुलगी हो. दोन आठवड्यांपूर्वी आली, नवा राउटर बसवला, आणि विचारते, काका, तुम्हाला बाबांच्याच वायफायवर घेऊ ना? मी म्हटलं, तुमच्यातलं काही नको मला, वेगळं दे. असतो एकेकाचा स्वाभिमान! मग तिने वेगळं दिलं. — काय नाव आहे त्याचं? वाचा की मोठ्याने. ‘पाहुणे’?

पाहुणे! मी? या घरात जन्मलोय मी! आणि पाहुण्याला नुसतं इंटरनेट मिळतं, घरातली यंत्रं दिसत नाहीत? म्हणजे आठवडाभर मी इथून पानं सोडतोय आणि घरच्या राउटरला मी घरातला वाटतच नाही! मुलीने मुद्दाम केलं असणार. — नाही, मुद्दाम नाही. मीच म्हणालो होतो वेगळं दे. बरं, कळलं, तोंडाकडे काय बघताय, बदला ते. दादाच्याच वायफायवर घ्या. पासवर्ड? वहिनीचं नाव असेल, आणि लग्नाचं साल. टाकून बघा.

लागलं? बघा, सांगत होतो ना, प्रिंटरला काही झालेलं नाही म्हणून. — थांबा, ती यादी कशाला उघडताय? असतील सात पानं रांगेत, माझी आहेत. नावं काय वाचता? ‘तक्रार’, ‘तक्रार अंतिम’, ‘अंतिम सुधारित’ — हो, मीच लिहिली. गेल्या रविवारी पुतणीचा फोन आला, या रविवारी बाबांना कायमचं माझ्याकडे नेते म्हणून. कायमचं! मला दादाकडून नाही कळलं, तिच्याकडून कळलं. म्हणून लिहिलं. पहिल्या पानात, टाकी घासायची पाळी तुझी आहे, ती घासून मगच जा. ते गेलं नाही, म्हणून दुसरं लिहिलं. तेही गेलं नाही. रोज एक. प्रत्येक वेळी जरा निराळं व्हायला लागलं, माझा इलाज नव्हता. सातवं दीड ओळीचं आहे, ‘दादा, जाऊ नकोस. तुझ्या त्या पानाला मी पेन लावायला नको होतं’.

हा आवाज कसला? खाली — अहो, प्रिंटर सुरू झाला! सगळी एकदम सोडली की काय तुम्ही? आपोआप कशी जातील? रद्द करा! पहिली सहा तरी रद्द करा, त्यांत मी त्याला नाही नाही ते बोललोय! गेली म्हणजे? त्याच्या कॉम्प्युटरवर पोचली? मग तुमचा उपयोग काय हो? दोन... तीन... आणि सातवं मी तपासलंसुद्धा नाही. एकदा लिहिलं आणि सोडून दिलं. चुका असतील त्यात. पाच. सहा.

सात.

थांबला. — बोलू नका जरा. वाचतोय तो. चष्मा लावून, ओठ हलवत वाचतो, लहानपणापासून.

खुर्ची सरकली. दार उघडलं त्याचं. नाही, बाजारात नाही, बाहेरचं फाटक वाजलं नाही. जिन्यावर आहे. एक पायरी, मग दम. दुसरी. — अहो, उभे काय राहिलात? झालं तुमचं काम, ती पिशवी उचला आणि निघा. निघा म्हणतो ना! आणि उतरताना भिंतीच्या बाजूने उतरा. कठडा त्याला लागतो.