जितकं वर, तितका जोर

नाय ना पटत? नकाच मानू! माझ्या तोंडचं एक अक्षर खरं मानून दाखवा, चहा पाजते... पन त्या रमेश मास्तरानं माझ्या माडाला फाशी सुनावलीवती, तुमाला सांगते!

आमची नात सॅन्ड्रा धाव्वीला. तिच्या शिकवनीला हा मास्तर फुलपाड्याहून स्कूटरनं सांडोरला यायचा, माडाखाली बसायचा, नि बोट वर करून, "बघ सॅन्ड्रा, तो नारळ टांगलेला आहे ना, त्यात स्थितिज ऊर्जा साठलीय. जितकं वर, तितका जोर! सुटला, की तिचीच गतिज ऊर्जा!" आता मी शिकले चौथी, पन सूनबाई फ्लोरा माडीवरनं हाका मारते तवा मला काय हे कळत नाय? जितकं वर, तितका जोर!

बरं, शिकवून गप बसावं? तर माझ्या लेकाला, ऑगस्टीनला म्हनतो कसा, "अहो, डोक्यावर मरण टांगलंय, तोडा तो माड!" नि आमचा शाना लगेच कुऱ्हाडीला धार लावाया! अरे, तुझ्या बापानं, माझ्या सॅन्टननं, आमच्या लग्नाच्या वर्षी लावलेला माड तो! सॅन्टन गेला, आता हा पन घालवू?

मी म्हनलं, "मास्तर, पैज! रविवारी चर्चातली मिस्सा सुटली की सांज होईतवर तुमी नि मी माडाखाली. नारळ पडला तर तोडा. नाय पडला तर पुन्हा नाव काढायचं नाय!"

आनि शनवारी घरची समदी बाजाराला गेली, तसा मी शेजारच्या ॲन्सेल्मला वर चढवला. नारळ पाडाया? छे! सुंभानं एकेक नारळ झावळीच्या बुडाला करकचून बांधाया!

रविवारी वारा असा सुटला... केळी आडव्या! मास्तर हेल्मेट घालून बसलाय, मी उघड्या डोक्यानं भाजी निवडते, नि पडतंय कोन? "आजी, नियमानुसार..." मी म्हनलं, "नियमाला चहा हवा का?"

माड वाचला. पन आता बांधलेला नारळ सुकला तरी खाली येत नाय, ॲन्सेल्म जहाजावर नोकरीला गेला, नि माडाची मालकीन मी, कालवनाला नारळ इकत आनते! वर तो सुंभ दोन पावसाळे खाऊन कुजलाय... जितकं वर, तितका जोर!

नकाच मानू खरं. पन बसलात कुठं, ते जरा वर बघा... नि जा आता!