आठवड्याला एक विमान

अहो, विमानसेवेचं मला काय सांगताय, त्या सभेत दुभाष्या म्हणून मीच उभा होतो की! आखातातल्या एका विमान कंपनीनं सोलापूरहून थेट उड्डाणाची परवानगी मागितली होती. कंपनीचा साहेब आला म्हणून टॉवेल कारखानदारांनी सभा ठेवली. साहेबाला चादर, फेटा, हार, सगळं झालं. व्यासपीठावर पुढाऱ्यांची तर ही गर्दी.

साहेब उठला तोच चेहरा पाडून. म्हणाला, "माफ करा. आम्ही रोजचं विमान मागितलं होतं, पण तुमच्या सरकारनं आठवड्याला एकच दिलं. तेही कोणत्या दिवशी, ते आदल्या संध्याकाळी कळणार."

मी मराठीत सांगितलं, तर टाळ्यांचा कडकडाट!

साहेब माझ्याकडं वळला. "तुम्ही नीट सांगितलंत ना?"

तेवढ्यात आमचे कारखानदार अंबादास अण्णा उठले. "साहेब, वाईट वाटून घेऊ नका. आमच्या नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतंय. कधी येणार, कुणी सांगत नाही. तुम्ही तर आदल्या दिवशी सांगणार म्हणताय, लई झालं की!"

मी ते इंग्रजीत सांगितलं. साहेबानं अगदी मनापासून विचारलं, "पण पाणी तर तुमचंच आहे. मग त्याची परवानगी कुठल्या देशात अडकलीय?"

मी हेसुद्धा माइकवरून मराठीत सांगून टाकलं. व्यासपीठावरच्या एकूण एक पुढाऱ्याला त्याच मिनिटाला फोन आला.