बारा नावांचा भिकाजी

रत्नागिरीच्या स्टँडवर पावसच्या गाडीच्या रांगेत माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या. एकीजवळ मासळीची रिकामी टोपली, दुसरीच्या हातात पत्राचं पाकीट.

"काय गो सत्यवती, एवढी हसतेस?"

"अगो गुणवंती, विद्यापीठाची बाय आली होती ना, मुंबईच्या हवेनं तिथनं परत आलेल्या गिरणीवाल्यांच्या छातीचं काय झालं ते बघायला? नळीत फुंकायचं, काटा किती सरकतो बघायचं."

"मग?"

"वाडीची माणसं कच्ची दिसायला नकोत, म्हणून खोकणारे घरात बसवले. देवळात शिंग फुंकणारा भिकाजी गुरव एकटाच बारा जणांच्या नावांवर गेला."

"तिला कळलं नाही?"

"दर वेळी सदरा वेगळा. एकदा माझ्या सासऱ्यांचा चष्मा लावलान, तर दिसेना, खांबावरच आपटला. ती म्हणते, आजोबा, जपून."

"पुरे गो, पोटात दुखतंय माझ्या."

"शेवटी चक्कर येऊन बसला, तरी काटा टोकालाच."

"नि हे पत्र?"

"तिचंच. ह्यांच्या नावचं. वीस वर्षं गिरणीत काढली, पण छातीला काही झालेलं नाही, असं लिहिलंय. आज ह्यांना दवाखान्यात आणलं, तर डॉक्टरनं पत्र वाचलं नि तसलीच नळी पुढं केली."

"अगो बाय. मग?"

"ह्यांनी फुंकलं. काटा जागचा हलेना. मला म्हणाले, भिकाजीला आणायला हवा होता."

"नि तू हसलीस?"

"दोघंही हसलो. ह्यांना हसता हसता खोकला लागला. ते बघ तिकडं बाकावर, अजून थांबत नाही."