चिरुटांचं कपाट

— तर म्हंजे तुमी माझं नाव ऐकून आलायसा, मला बघून न्हवं. बघून आला असता तर अर्ध्या वाटंतनंच माघारी फिरला असता. बसा की ओ, त्या ओंडक्यावर बसा, साल काढलीया, धोतराला डाग न्हाई लागायचा. व्हय, मीच चंद्रा. कॅसलरॉकात सुतार म्हणून इचारलं की माझंच नाव सांगत्यात — जातीचा सुतार न्हवं बरं का, आमी शेतवालेच, पर रेल्वेच्या कामावर लाकडं तासता तासता हात बसला, लोक दारं-खिडक्या सांगाय लागली, आन् मी नांगर सोडून लाकूड तासायची वाकस धरली. आता नांगर इसरलोय, आन् वाकस येती असं लोक म्हणत्यात — मी म्हणत न्हाई, लोक म्हणत्यात. तुमच्या बाजारकुणंगच्या देवीची पालखी करायची, चांगल्या हाताचा माणूस पायजे, म्हणून कुणीतरी सांगितलं, सायबाचं कपाट ज्यानं केलं त्याच्याकडं जावा. असंच न्हवं? वाटलंच मला. माझं सगळं नाव त्या एका कपाटावर उभं हाय, आन् त्या कपाटाचं खरं काय ते — ऱ्हाऊ द्या. पालखी करतो मी. लई मनात हाय ओ. दारं करून करून जीव इटलाय, दार काय, लोक लाथंनं उघडत्यात. पालखी म्हंजे कसं, माणूस मेला तरी त्याचं काम लोकांच्या खांद्यावरनं फिरत ऱ्हातं. मी बी जाईन म्हणा खांद्यावरनं, पर एकदाच.

कपाट कसलं ते सांगतो. घाटातल्या पुलांवर एक सायब हुता, आमी त्याला पुलाचा सायबच म्हणायचो, टेशनाच्या वरल्या अंगाला त्याचा बंगला. तिथं मडमीचं एक काचंचं कपाट हुतं — आत चिनी मातीच्या बाहुल्या, कपबश्या, कुणी खेळायचं न्हाई, कुणी प्यायचं न्हाई, नुसतं बघायचं. मडम गेली विलायतेला, बाहुल्या बी नेल्या, कपाट ऱ्हायलं रिकामं. आन् सायबाला चिरुटांचा, म्हंजे त्या जाड्या इलायती इड्यांचा नाद. मुरगावला बोटीतनं उतरायचे, तिथनं गाडीनं वर यायचे. मला म्हणला, चंद्रा, ह्या कपाटात माझे चिरूट ऱ्हायला पायजेत. मी म्हणलं, ठेवा की, जागा हाय. तसं न्हवं म्हणला. आतनं सगळीकडं वासाच्या लाकडाच्या पातळ फळ्या बसव — त्या त्यानं विलायतेहून मागवल्या हुत्या — दाराच्या कडंनं बनातीची, जाड लोकरी कापडाची पट्टी लाव, वारं आत जाता कामा नये, आन् तळाला पितळी डबी ठेव, झाकणाला भोकं पाड, डबीत भिजलेला कापूस. कशाला? तर चिरुटाला बेताची ओल पायजे, वाळला की बिघडला. आता तुमीच सांगा — कॅसलरॉकात! जिथं आषाढात खुंटीवरल्या धोतराला बुरशी येती, जिथं आमी जन्मभर ओल भायेर ठेवायला मरतोय, तिथं ह्यो माणूस मला ओल आत ठेवायचं कपाट कर म्हणतो. मी आठ दिस हसत हुतो. गिरजाला सांगितलं — गिरजा म्हंजे आमची बायकू, आता लाकडं आणाय रानात गेलीया — ती म्हणली, तुमास्नी काय करायचंय, सांगितलं तसं करा आन् मोकळं व्हा. तेवढं ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

न्हाई, काम मात्र केलं, खोटं कशाला बोलू. फळीला फळी अशी भिडवली की मधी नख जाईना. दार लावलं की आतला वारा उसासा टाकल्यागत भायेर यायचा, आन् मग सुम्म, एकदम गप. सायबानं मोजून दोनशे चिरूट लावले, आन् रोज उघडून नाक आत घालायचा. चिठ्ठी बी दिली त्यानं मला — ती बघा, फळीवर पत्र्याच्या डबीत हाय — मला वाचाय येत न्हाई, पर ज्याला येतं त्यो वाचून मान हलवतो. तुमी बी हलवा.

काय म्हणता? कौल? व्हय, म्हाईत हाय की, देवीच्या अंगाला पाकळ्या लावायच्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, आमच्यात बी हाय. पर ते शेताचं, लग्नाचं असलं इचारायला. सुतारानं कशाला उभं ऱ्हायाचं? — अस्सं. लाकडाला हत्यार लागायच्या आदी. आन् गुरव इचारणार, ह्याच्या मनात कुणाचं काय दडवून ठेवलेलं न्हाई न्हवं, सगळ्या गावाफुडं. बरं. रीत हाय तर रीत हाय. पडंल की उजवी, का न्हाई पडायची? मी काय म्हणतो, लाकूड कसलं घेणार? फणसाचं घ्या, देवाच्या कामाला बेस, पिवळं धमक. आन् कौल नंतर घेऊ — मी आदी दांडी तरी तासून ठेवतो — न्हाई चालत? असं बघू नका ओ माझ्याकडं. माझ्या मनात काय बी न्हाई. म्हंजे एक हाय. पर ते बारकं हाय. चिरुटाएवढं.

सांगतो. सांगून टाकतो, तुमी काय माझ्या गावचं न्हवं. आषाढात सायब पंधरा दिसांसाठी धारवाडला गेला, सैपाकी बी संगं गेला. बंगल्यावर राखणीला ऱ्हायला नागू. नागू म्हंजे माझा मेव्हणा, गिरजाचा धाकटा भाऊ, त्यानंच सायबाला माझं नाव सांगितलेलं. तिकडं गावाकडं, नंदिगड्ड्याला, त्याची भाताची लावणी खोळंबलेली. सायब यायला तीन दिस ऱ्हायलेले तवा मला म्हणला, दाजी, दोन दिस बंगला बघा, चूल इझू देऊ नका, मी रोपं लावून येतो, सायबाला कळायचं न्हाई. मी म्हणलं जा. आन् त्यो वळणावरनं दिसंनासा झाला तसा मी पयलं काय केलं? माझं कपाट बघाय गेलो. आपलंच काम आपुनच बघत बसायची खोड हाय मला. दार उघडलं आन् बघतो तर चिरुटांवर पांढरं. सगळ्यांवर, बारीक पांढरं. म्हणलं, झालं, आली बुरशी, मी म्हणतच हुतो. आता तुमी काय केलं असतं? बी-बियाणं, मिरच्या, खोबरं पावसाळ्यात आपुन कुठं ठेवतो? चुलीवरल्या माळ्यावर, धुरात. तेच केलं मी. दोनशे चिरूट सुपात घेतले आन् सैपाकघरातल्या चुलीवर नेऊन पसरले. तिथं नागूचे सुके बांगडे टांगलेले हुते, ते जरा बाजूला सारले — जरा. दोन दिस, पाव्हणं, दोन दिस मी एकेक चिरूट पापडागत उलटत बसलो. पांढरं गेलं, रंग कसा झकास आला. परत जागच्या जागी लावले, आन् वर शहाणपणा बघा, डबीतला ओला कापूस काढून तिथं मिठाची पुरचुंडी ठेवली, उरलीसुरली ओल ओढून घ्यायला. सायब मला बक्षीस देईल असं वाटत हुतं, शपथ.

सायब आला, संगं धारवाडचा त्याच्यापेक्षा मोठा सायब. मला मुद्दाम बोलावून घेतलं — कपाट करणारा माणूस बघा म्हणून. मी टोपी झटकून वरांड्यात उभा. मोठ्या सायबानं चिरूट उचलला, त्यो बोटात कडाकड मोडला. दुसरा उचलला, पेटवला, आन् सगळ्या वरांड्यात भाजलेल्या बांगड्याचा वास. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, खरं सांगतो. सायबाच्या तोंडचं मात्र पाणी पळालं. मागनं सैपाक्यानं मला सांगितलं, ती बुरशी न्हवतीच. जांभळावर जशी राख धरती तशी चांगल्या चिरुटावर धरती म्हणं, सायब वरीसभर तिची वाट बघत हुता.

मग नागूला बोलावलं. त्यो त्याच सकाळी परत आलेला, पायाचा चिखल वाळला न्हवता. सायबानं कपाट उघडून दाखवलं, इचारलं, हे कुणी केलं. नागूनं ती मिठाची पुरचुंडी बघितली. सुतळीची गाठ माझी, वाकशीच्या दांड्याला मारतो तसली, घरच्या माणसाला कळायला किती येळ? त्यानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता बोलंल. मला वाटलं मीच बोलीन. पाव्हणं, तुमी आल्यापासनं ह्ये तोंड एकदा तरी मिटलंय का? त्या दिवशी ते उघडलं न्हाई. आन् नागू म्हणला, “व्हय सायेब, मीच केलं. दाजींचा ह्यात काय संबंध न्हाई.” त्याला तिथनं तसाच काढला. चिठ्ठी मला दुसऱ्या दिवशी मिळाली — कपाट उत्तम, नोकर वाईट, असं कायतरी हाय म्हणं तिच्यात.

आता नागू घाटात रुळावर खडी फोडतोय. एकदा टेशनावर भेटला, मला म्हणला, “अक्का बरी हाय न्हवं?” बास, तेवढंच. आन् त्याची अक्का त्याचं तोंड बघत न्हाई. तिला वाटतं भावानं सायबाचा माल नासला आन् नवऱ्याचं नाव बुडवाय निघाला हुता. भाऊबीजंला त्यो नारळ घेऊन आपुनहून आला, तर तिनं अंगणातनंच माघारी लावला, मग चुलीफुडं बसून रडली. मी हितंच हुतो. रंधा मारत हुतो. फळी कवाच गुळगुळीत झालेली, तरी मारत ऱ्हायलो, शेवटाला ती फळी कशाच्या कामाची ऱ्हायली न्हाई. लाज वाटती ओ मला. लई लाज वाटती. पर सांगायचं कसं? पयल्या दिवशी सांगितलं असतं तर ती हसली असती. आता वरीस झालं.

म्हणून म्हणतो, मला त्या देवीफुडं उभं करू नका. लोंढ्याला परशू म्हणून हाय, हात बरा हाय त्याचा, त्याच्याकडं जावा. पालखी मला करायची हुती, लई करायची हुती, पर ऱ्हाऊ द्या. एक तेवढं करा, गिरजा आता येईल, तुमास्नी पाणी देईल, तिच्याफुडं ह्यातलं काय — माझ्या मागं काय बघताय?

गिरजा. कवा आलीस तू? भारा उतरव की, किती येळ डोक्यावर घेऊन उभी हायस — हे बाजारकुणंगचे पाव्हणे, पालखीचं बोलत हुतो आमी — अगं कसल्या भाऊबीजंचं, असंच, बोलता बोलता — गिरजा, तिकडं कुठं निघालीस? घाटात? आता? अगं पायात काय घाल तरी, खडी हाय सगळी, मी येतो संगं — बरं. न्हाई येत. — गेली बघा. भारा हितंच टाकून, अनवाणी. पाव्हणं, तुमी तरी कायतरी बोला.