लाकडाला लावलेलं तेल

नँटकेट बेटाच्या धक्क्यावर बोटीसाठी रांग लागली होती. लोवेलच्या ट्रकपुढे बाजूंना लाकडी फळ्या दिसणारी एक जुनी जीप उभी होती, आणि तिला टेकून एक म्हातारी अन् तिची भाची कॉफी पीत होत्या. लोवेलच्या ट्रकची काच उघडीच होती; दोघींचं बोलणं त्याला आत ऐकू येत होतं.

"मावशी, गाडी विकताना ऑनलाइन लिलावात असं कुणी लिहितं का? म्हणे, 'लाकूड खोटं आहे, नुसता प्लास्टिकचा कागद चिकटवलाय!'"

"खोटंच आहे ते. मग काय लिहू?"

"वर हेही लिहिलंस, की काका त्याला दर वसंतात जवसाचं तेल चोळायचे."

"चोळायचाच. आधी होडीला, मग हिला. एकाच चिंधीनं."

"लोक काय हसले असतील!"

"पोट धरून हसले. आणि मग बोली चढवत सुटले. तो टेक्सासवाला काय म्हणाला, वाचलंस ना? 'ज्यानं कागदाचे एवढे लाड केले, त्यानं इंजिनाची काय बडदास्त ठेवली असेल!' त्यानंच घेतली शेवटी. पलीकडे उतरली, की त्याची माणसं येतील न्यायला."

"पण लाकूड खोटं आहे, हे इतकी वर्षं काकांना कुणीच कसं सांगितलं नाही गं?"

"मी सांगितलं की. पहिल्याच वसंतात."

"मग?"

बोटीचा भोंगा वाजला. म्हातारीनं जीपच्या दारावर सांडलेला कॉफीचा थेंब बाहीनं पुसला.

"मला म्हणाला, 'हळू बोल, तिला ऐकू जाईल.'"